गळ्यात टेप घातलेला फुटबॉलचा मास्तर

दोन हजार चोवीस साल. मी तेव्हा सत्तर वर्षांचा होतो. कागदावर बहात्तर. मला शाळेत घातलं तेव्हा गुरुजींनी उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगितला. हात पोचला. झालं, पोरगा सहा वर्षांचा. तारीख लिहिली एक जून. आमचा अख्खा वर्ग एक जूनचा होता. त्या दिवशी आमच्या गावात पोरांची काय सुगी आली होती कुणास ठाऊक. तिसरीनंतर मी शाळा सोडली. शाळेनं मला काढलं नाही, मी सोडली, हे आधीच लिहून ठेवतो.

तर वयाचं आम्हाला कुणालाच काही पडलेलं नव्हतं. पडलेलं होतं एकाच माणसाला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला.

सोलापुरात शुक्रवार पेठेत एका बोळाच्या तोंडाशी त्याचं शिलाईचं दुकान होतं. शाळेचे युनिफॉर्म शिवायचा आणि पहाटे मैदानात पोरींना फुटबॉल शिकवायचा. टेलरला मास्तर म्हणतात आणि फुटबॉल शिकवणाऱ्यालाही पोरं मास्तर म्हणत, त्यामुळं हा दोन्ही अंगांनी मास्तर. कुणी ‘सर’ म्हटलं तर मागं वळून बघायचा, दुसरा कोण आलाय म्हणून. घरचे लोक तेलुगू, बाप-आजा मागावर चादरी विणणारे. याचं मराठी आपल्यासारखंच सोलापुरी. फक्त राग आला की तेलुगूत जायचा. मग पोरी न सांगता मैदानाच्या दोन फेऱ्या मारून यायच्या.

फुटबॉलच्या मास्तरला शोभावं असं त्याच्या अंगात काही नव्हतं. बुटका. पोट पुढं. मी त्याला पळताना एकदाच बघितलंय, तेही मैदानात शिरलेली गाय मागं लागली होती म्हणून. गळ्यात पिवळा टेप, दुकानात पण आणि मैदानात पण. शिट्टी नाही. “शिट्टी वाजवली की कुत्री येतात बे, पोरं येत न्हाईत,” म्हणायचा. त्याऐवजी, सुई टोचू नये म्हणून टेलर लोक बोटात पितळेची टोपी घालतात ना, ती स्टीलच्या पेल्यावर वाजवायचा. टिंग टिंग. ऐंशी यार्डांवरच्या पोरीला ती कशी ऐकू यायची हे मला आजतागायत कळलेलं नाही, पण यायची.

फुटबॉल फाटला तर नवा आणायचा नाही. दुकानात बसून स्वतः शिवायचा. त्याच्या शिवलेल्या बॉलला एका अंगाला गाठ राहायची, त्यामुळं तो हवेत गेला की जरा डावीकडं जायचा. बाहेरचे संघ आले की तक्रार करत. आमच्या पोरी त्याच बॉलवर शिकलेल्या. त्यांना दुकानातला कोरा बॉल दिला की त्यांचीच पंचाईत.

शिकवायचा ते सगळं शिलाईत. “पास म्हंजे टाका. लांब टाका कच्चा, जवळचा टाका पक्का.” मागच्या फळीतून कुणी पुढं निघून गेली आणि जागा मोकळी पडली की ओरडायचा, “उसवलं! उसवलं बे तिथं!” मैदानाबाहेर उभ्या माणसाला वाटावं की कुणाचं पोलकं फाटलं. शाबास हा शब्द त्याच्या तोंडून मी ऐकला नाही. लईच खूष झाला तर म्हणायचा, “बरं शिवलंस.” पोरी हे दोन शब्द घरी जाऊन आईला सांगत.

आता वयाचं.

या स्पर्धा वयाच्या असतात. चौदाखालचे, सतराखालचे. आणि वय चोरणं म्हणजे आपल्याकडं चोरी समजतच नाहीत. मास्तरला त्याचा भारी राग. वर्षानुवर्षं त्याच पोरांची मापं घेऊन त्याची नजर अशी बसली होती की दंड बघून इयत्ता सांगायचा. एकदा आमच्या मैदानावर चौदाखालच्या पोरांच्या सामन्याला बाहेरगावचा एक संघ आला. त्यांचा पुढं खेळणारा गडी उंच, आवाज फुटलेला. मास्तर त्याच्याजवळ गेला, प्रेमानं खांद्यावर हात ठेवला, टेप लावला आणि विचारलं, “बाळ, ब्लेड कुठलं वापरतोस?” पोरगं बिचारं भोळं. त्यानं कंपनी सांगितली. मास्तर म्हणाला, “चांगलं असतं ते. लग्नाच्या कोटाचं माप आत्ताच घेऊन ठिवू का?” त्या संघाचे लोक अंगावर धावून आले. मास्तर तसाच उभा. मी मैदानाच्या कट्ट्यावरून उठून मध्ये पडलो म्हणून वाचला. तो मात्र पुढं सगळ्यांना सांगायचा की अप्पा पडले मध्ये म्हणून माझं माप घ्यायचं राहिलं.

दुसऱ्याचंच वय काढायचा असं नाही. जिल्ह्याच्या सामन्यात आमच्याच गोलकीपर पोरीचं वय सहा महिन्यांनी जास्त निघालं, तिच्या मावशीच्या बोलण्यातून. सामन्याला अर्धा तास. मास्तरनं तिला बाहेर बसवली आणि गोलात उभी केली कोण, तर जिनं आयुष्यात बॉल हातात धरला नव्हता ती. सहा गोल खाल्ले. संध्याकाळी सगळ्यांना भाजलेल्या शेंगा आणि गूळ वाटला, त्या बसवलेल्या पोरीला दोन मुठी जास्त. हरल्यावर वाटणारा आणि जिंकल्यावर उपाशी पळवणारा हा एकच मास्तर.

त्याचं एक म्हणणं होतं. “कागद बाप्ये लिहितात. महिने बायका मोजतात.” म्हणून नवी पोरगी आली की दाखला बघायचा नाही. आईला बोलवायचा, आई नसेल तर आजीला. तारीख विचारायचा नाही. विचारायचा, “ही झाली तेव्हा घरात काय शिजत होतं? शेतात काय उभं होतं? कुठला सण गेला होता, कुठला यायचा होता?” बायका मग रंगात येऊन सांगत आणि हा बोटांवर मोजत बसायचा.

माझी नात संगू, शाळेतलं नाव संगमेश्वरी, आठ-नऊ वर्षांची असताना मी तिला त्याच्याकडं नेली. माझा मुलगा-सून पुण्याला कंपनीत. पोरगी आमच्यापाशीच वाढली. शेजारच्या पोरांत फुटबॉल खेळून घराच्या काचा फोडायची, म्हटलं एकदाच काय ते मैदानात फोडू दे.

मास्तरनं तिचा खांदा मोजला, हात मोजला, गुडघ्यापासून टाचेपर्यंत टेप सोडला. मग म्हणाला, “आजीला आणा.”

“आजी कशाला? मी हाय की.”

“तुमी बाप्ये.”

आता हे मी ऐकून घेणार होतो काय! चाळीस वर्षं मार्केट यार्डात मापाडी म्हणून काढली. पोतं नुसतं हलवून किलो सांगायचो, काटा नंतर लावायचे. मापात पाप केलं असं कुणी बोट दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी जन्माचा दाखला नेला आणि त्याच्या मशीनवर आपटला. “हे बघा. सही, शिक्का. आजी घरीच राहील.”

त्यानं बोटातली टोपी काढली. मग दाखला न वाचताच परत दिला. “बरं. ह्या एका पोरीचं माप मी ऐकीव घेतलं, अप्पा. ध्यानात ठिवा.”

आठ वर्षं ते त्यानं ध्यानात ठेवलं. मीही ठेवलं. पहाटे तिला घेऊन जायचं आणि कट्ट्यावर बसून मास्तरची उणीदुणी काढायची हा माझा धंदाच झाला. “मास्तर, आज फळी ढिली हाय.” “अप्पा, तुमी पोती मोजा.” असं आमचं चालायचं. आता तो मुलीकडं हैदराबादला असतो. तिथल्या पोरांच्या मागं टेप घेऊन लागला असेल, आणि कट्ट्यावर बसून त्याला बोलणारं कुणी नसेल. त्याचंच नुकसान.

संगू मात्र खेळात चढत गेली. मधल्या जागेवर खेळायची. बॉल तिच्या पायाला आला की पुढचं तिला आधीच दिसलेलं असायचं. जिल्हा झाला, राज्य झालं, मग देशाच्या शिबिराचं बोलावणं आलं. तीन आठवडे राहून आली आणि यादीत नाव लागलं. दक्षिण आशियातल्या देशांची स्पर्धा, सतरा वर्षांखालच्या मुलींची. भारत, नेपाळ, बांगलादेश, भूतान असे संघ. छातीवर देशाचं नाव घालून आमची संगू खेळणार! मी मार्केट यार्डात जाऊन पेढे वाटले. ज्यांच्याशी बोलत नव्हतो त्यांनाही दिले, मुद्दाम.

नियम असा होता की दोन हजार सात सालच्या एक जानेवारीला किंवा त्याच्यानंतर जन्मलेलीच पोरगी चालणार. संगूच्या दाखल्यावर चौदा जानेवारी दोन हजार सात. बसत होती. हाडावरनं वय बघायला मनगटाचा फोटो काढला, तोही पास झाला. राहिला एक फॉर्म. त्यावर गावाकडच्या कोचनं लिहून द्यायचं की हिची जन्मतारीख माझ्या माहितीप्रमाणं खरी आहे.

मास्तरनं फॉर्म वाचला. घडी घातली. म्हणाला, “चहाला येतो घरी.”

आठ वर्षांत जो माणूस आमच्या उंबऱ्यात आला नव्हता तो चहाला आला. मी म्हटलं, येऊ दे, आता कशाची भीती. आमची मंडळी चहा घेऊन आली आणि मास्तरनं पेला हातात घेत सहज विचारलं, “काय हो आज्जी, संगू झाली तेव्हा शेतात काय उभं होतं?”

मी खोकलो. ती कुठली बघतेय माझ्याकडं!

“शेतात? ज्वारी की हो. हुरड्याला आलती. येळवशीचा दिस व्हता बघा. माझी सून पयल्या खेपेला म्हायेराला न जाता गावाकडं आमच्यापाशीच राहिली व्हती. सगळे शेतात गेलते पांडवांची पूजा करायला. भज्जी, आंबील, उंडे, समदं डोक्यावर घेऊन गेले, आन् हिकडं तिला कळा लागल्या. ह्यांना निरोप धाडला तर ह्ये म्हणाले, जेवून येतो.”

“जेवून येतो म्हणालो न्हाय,” मी म्हटलं, “येतो म्हणालो.”

“दोन गाडगी आंबील पिऊन आले. तवर पोरगी रडून झोपलीसुदिक!”

मास्तर हसला. चहा संपवला. बोटांवर काही मोजलं नाही. तेवढ्यावरूनच मला कळायला पाहिजे होतं.

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. आमच्या भागात ती मार्गशीर्षातली अवस शेतात जाऊन करतात. संक्रांतीच्या आधी येते ती.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला दुकानात बोलावलं. मास्तर जुनी कॅलेंडरं टाकत नसे. कागद जाड असतो म्हणून त्याचे कापडाचे साचे कापायचा. त्यानं एक पान समोर धरलं. दोन हजार सहाचा डिसेंबर. पानाच्या मधोमध शाळेच्या शर्टाची कॉलर कापून गेलेली, पहिले दोन आठवडे बऱ्यापैकी गायब. पण वीस तारीख शाबूत होती. बुधवार. खाली अवसेचं काळं वर्तुळ.

“वीस डिसेंबर, अप्पा.”

मी पान घेऊन दाराच्या उजेडात धरलं.

“चौदा जानेवारी कुठनं आली?”

कुठनं येणार. माझ्यापासनं आली. यार्डात ते दिवसच कामाचे होते, जन्माची नोंद करायला जायला महिना उलटला. मैंदर्गीच्या पुढं आमचं गाव, तिथं पंचायतीत गेलो तर तिथला माणूस म्हणाला, एकवीस दिवसांच्या आतलं असेल तर लगेच होतं, त्याच्यापुढं गेलं की तालुक्याच्या चकरा. मग म्हणाला, बघा, आठवा नीट, कधी झाली? मी आठवलं. सोलापुरात संक्रांतीची गड्ड्याची जत्रा नुकतीच झाली होती. म्हटलं, लिहा गड्ड्याचा दिवस. दिवसही चांगला, चकराही नाहीत. त्यात कुणाचं काय गेलं?

हे मी मास्तरला सांगितलं तसं तो म्हणाला, “तेव्हा कुणाचं गेलं नसंल.”

“बारा दिवस, मास्तर! एक जानेवारीला बारा दिवस कमी. बारा दिवसांत काय पोरगी घोड्याएवढी होती?”

“न्हाय.”

“तुमच्या टेपला तरी कळलं काय आठ वर्षांत?”

“न्हाय कळलं. हाडाला बारा दिवस कळत न्हाईत.”

“मग?”

“मला कळलं की.” आणि फॉर्म माझ्या हातात दिला. “मी कुणाला सांगणार न्हाय, अप्पा. कुठं लिहिणार न्हाय. फकस्त ह्याच्यावर सही करणार न्हाय. पोरगी तुमची हाय, दाखला तुमचा हाय.”

मी त्याला काय काय बोललो ते लिहीत नाही. शिप्या म्हटलं हे त्यातलं सगळ्यात सभ्य. तो मशीनवर बसून कॉलर उलटवत होता. एकदाच म्हणाला, “अप्पा, पाय टेपवरनं काढा, मळतो.”

चार दिवस मी मैदानात गेलो नाही. संगूला म्हटलं, गुडघा दुखतोय. पाचव्या दिवशी कुणीतरी सांगितलं, जिल्ह्याच्या संघाबरोबर जो दुसरा कोच जातो त्याची सही पण चालते. गेलो. चकचकीत बूट, गळ्यात शिट्टी, खुर्चीवर फिरतोय. बोलायला गोड. बारा दिवसांचं मीच सांगून टाकलं.

“आजोबा, एवढंच ना? द्या की.” पेन काढला. मग दाखला बघितला आणि माझ्याकडं वाकून हळू आवाजात म्हणाला, “एक सांगू का? आणखी दोन वर्षं कमी करून नवा काढून आणा. ही स्पर्धा झाली की पुढच्या दोन पण खेळेल. तुमची ओळख दिसतेय पंचायतीत. तुमच्यासारखे लई येतात माझ्याकडं, काही लाजू नका.”

तुमच्यासारखे!

चाळीस वर्षांत हमालापासून अडत्यापर्यंत कुणी मला तुमच्यासारखे म्हटलं नव्हतं. माझा हात आपोआप पुढं झाला. फॉर्म त्याच्या पेनाखालून ओढला, तो जरा फाटला. “सही राहू द्या,” म्हटलं. “मला कागद लई वाचता येत न्हाय, पण तुमचं तोंड वाचता येतंय.” असं बोलून बाहेर आलो आणि बाहेर आल्यावर गुडघा खरोखरच दुखायला लागला.

घरी संगू भांडी घासत होती. मी समोर बसलो. म्हटलं, “संगू, तुझी तारीख...”

“येळवस,” ती म्हणाली. मान वर न करता.

“तुला ठाऊक व्हतं?”

“दर येळवशीला अज्जी माझ्यावरनं मीठ-मिरच्या ओवाळून टाकती, अज्जा. आन् म्हणती, आज माझी बाय एवढी झाली. मला काय कळत न्हाय व्हय?”

“मग बोलली का न्हाईस?”

तिनं कढई उपडी घातली. “कुणी इचारलंच न्हाय. कुणी इचारलं नसतं तर गेले असते.” मग उठली, बॉल घेतला आणि मागच्या भिंतीवर मारत राहिली. धाड, धाड. पोपडे पडले. आमच्या मंडळीनं आवाज दिला तरी थांबली नाही. मी आत बसून एकेक दणका मोजत होतो. मोजायची सवय.

नाव मागं घेतलं ते मास्तरनंच कळवलं. काय सांगितलं ते त्यालाच ठाऊक, मला एवढंच म्हणाला, “घरची अडचण म्हणालो. खोटं न्हाय.” संगू आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही आणि माझ्याशी दहा दिवस. पण मैदान चुकवलं नाही. मास्तरही समजूत घालायला गेला नाही. तिला फक्त रोज शेवटपर्यंत थांबवून घ्यायचा आणि तो गाठीचा बॉल द्यायचा. “डावीकडं जातोय बघ. जाणारच. तू त्याच्या आधी जा.”

स्पर्धा सुरू झाली. भारताचा सामना बांगलादेशाशी, दुपारी तीनला. मास्तरनं सगळ्या पोरींना दुकानात बोलावलं. जून महिना, शाळा उघडायच्या तोंडावर, दारात आयाबाया युनिफॉर्मसाठी खोळंबलेल्या, आणि आत वीस पोरी एका मोबाइलभोवती. मोबाइल मशीनवर, दोऱ्याच्या रिळाला टेकवलेला. एक बाई बाहेरून ओरडली, “मास्तर, माझ्या पोराची पँट?” मास्तर म्हणाला, “मधल्या सुट्टीत!”

त्याचा एक विक्षिप्तपणा सांगायचा राहिला. तो सामना बघत नसे. पाठ करून उभा राहायचा आणि ऐकायचा. बॉल कुठं आहे ते आवाजावरनं सांगायचा आणि चुकायचा. त्या दिवशी तो तसाच पाठ करून इस्त्री करत होता.

संगूच्या जागेवर कुठली तरी लांबची, डोंगराकडची पोर होती. बारीक, केस आखूड. मला ती पहिल्यापासून आवडली नाही. पण खेळली चांगली. खोटं कशाला बोलू, लई चांगली खेळली. तीन जणींच्या मधनं बॉल असा काढायची की सुईतनं दोरा. पहिल्या अर्ध्या तासात संगू तोंड मिटून बसली होती. मग एकाएकी ओरडली, “जवळ दे! जवळ! मागं मोकळी हाय!” आणि काय बघा, त्या पोरीनं जवळच दिला, तिथनं पुढं गेला आणि गोल. दुकानात पोरींनी जो गिल्ला केला, बाहेरच्या बायाही टाळ्या वाजवायला लागल्या, काय झालं ते न कळता.

मास्तर पाठमोराच. “कुणी शिवलं?”

“तिनं,” संगू म्हणाली. मग हळू म्हणाली, “अज्जा, ती माझ्यापेक्षा भारी हाय.”

“भारी न्हाय बे,” मास्तर इस्त्री फिरवत म्हणाला. “लहान हाय.”

संगू हसली. एवढ्या दिवसांनी पहिल्यांदा. मीही हसलो असतो, पण मास्तरच्या बोलण्याला हसायचं नाही असा माझा नेम होता.

शेवटी आपण एका गोलानं हरलो. मास्तरनं इस्त्री बाजूला ठेवली आणि शेंगा-गूळ काढला. वाटता वाटता संगूनं विचारलं, “मास्तर, वीस वर्षांखालच्यांची कधी असती?”

“येईल की दोन-तीन वर्षांत. तिथंबी असाच एखादा एक जानेवारी उभा असंल.”

“असू दे,” संगू म्हणाली, आणि गूळ तोंडात टाकत म्हणाली, “दाखल्यावर तर मी बारकीच हाय.”

पोरी खदखदल्या. तीही चेष्टेतच बोलली होती. मास्तर हसला नाही, माझ्याकडं बघितलंही नाही. त्यानं बाहेरच्या बाईची पँट घडी करायला घेतली. पण मला ती चेष्टा वाटेना. तो दाखला घरी कपाटात तसाच होता, सही-शिक्क्यासकट. पोरगी आज हसून बोलली. दोन वर्षांनी यादीत नाव लागलं आणि पुन्हा एखादा फिरत्या खुर्चीवाला गोड बोलला तर ती हसेल का गप्प बसेल? आणि मी? माझं मलाच सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ केली, कुणाला काही सांगितलं नाही, अक्कलकोटची पहिली एसटी धरली. तिथनं पुढं जीप. दहाला पंचायतीच्या दारात. आता तिथं एक तरुण बाई असते, ग्रामसेविका, समोर कॉम्प्युटर. जुना माणूस कधीच गेला. मी दाखला काढला, साक्षीसाठी आमच्या मंडळीचा आधारचा कागद काढला, कळा आल्या तेव्हा जी म्हातारी सुईण हजर होती तिचं घर पंचायतीच्या मागंच आहे हेही सांगितलं. बाई समजूतदार होती. तिनं अर्ज घेतला आणि भरायला लागली. नाव, आईचं नाव, जुनी तारीख, नवी तारीख. मग एका रकान्यापाशी आली. दुरुस्तीचं कारण.

“नजरचुकीनं नोंद झाली असं लिहिते, आजोबा. सगळे तेच लिहितात.”

“नका लिहू. नजरचूक न्हाय ती. मला खरी तारीख ठाऊक व्हती. मी दुसरी सांगितली.”

तिनं पेन उचलला. “अहो, असं लिहिलं तर वरनं विचारणा होईल. तालुक्याला दहा चकरा होतील तुमच्या.”

“होऊ द्या.”

“आणि तुमच्यावरच यायचं काहीतरी.”

“माझ्यावरच हाय ते. दुसऱ्या कुणावर टाकू?”

तिनं खुर्ची पुढं ओढली. मग लिहिलं. लिहून झाल्यावर कागद माझ्याकडं फिरवला, सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं. मी म्हटलं, “आधी वाचून दाखवा.”

तिनं वाचलं. पुटपुटल्यासारखं.

बाहेर कट्ट्यावर गावातली चार म्हातारी माणसं बसली होती. माझ्याच वयाची, मला ओळखणारी. दार उघडं होतं.

“जोरात वाचा,” मी म्हटलं.

तिनं जोरात वाचलं. मग मी सही केली.